दोनदा तास

मंगळवारी आणि शुक्रवारी मी येते.
कचेरीचं कुलूप जोर लावल्याशिवाय उघडत नाही,
थंडीत तर खांदाच द्यावा लागतो.
टेबलावर शिक्का, खिडकीत वाळलेल्या माश्या,
भिंतीवर पेयरुसाकचा जमीनमोजणीचा नकाशा.
तो काढला तेव्हा गावात तीनशे बारा माणसं होती,
आता त्र्याऐंशी.
वावरांची नावं मात्र जागच्या जागी:
विधवेचं कुरण, लांडग्याची घळ, खालची ओल,
आणि एक नुसतंच 'भांडणाचं',
त्याचा मालक अजून ठरायचाय.

गाव चुनखडीच्या कड्याला पाठ टेकून बसलंय,
पाय खाली नदीत सोडून.
नदी तशी गुडघाभर.
पण गिरणीच्या भिंतीवर पुराच्या रेघा कोरल्यात:
एक माझ्या कमरेला, एक खांद्याला,
आणि एक बघायला मान वर करावी लागते.
तिच्याखालचं साल शेवाळानं खाल्लंय.

चर्चची घंटा इथे तास दोनदा देते.
वावरातल्या माणसाचं पहिल्या खेपेला लक्ष नसतं म्हणून,
असं सांगतात.
पहिले टोल नुसते कानावर पडतात,
मोजायचे ते दुसरे.

चौकातल्या दगडावर पहिल्या युद्धाची एकोणीस नावं,
दुसऱ्याची दोन, बाजूच्या फटीत कोंबल्यासारखी.
फार्ज तिघे. नावं वर्णानुक्रमे लावलीत, मरणाच्या क्रमानं नाही,
नाहीतर कळलं असतं, सगळ्यात धाकटा आधी गेला.
पावणेअकराला त्याच दगडापाशी
कोरिन पावाची गाडी उभी करून भोंगा वाजवते.
चौघी-पाचजणी जमतात, पाव काखेत धरून
अक्रोडाच्या भावावर बोलतात, गुडघ्यांवर बोलतात.
दगडाकडे कुणी बघत नाही.
त्याला टेकतात.

मार्चमध्ये एक अर्ज आला.
गिरणी विकत घेतलेले गृहस्थ, उन्हाळ्यातले सहा आठवडे राहणारे.
झोप होत नाही, लिहिलं होतं, सभ्य भाषेत.
सात सदस्य बसले, महापौर देलपुएश धरून.
(त्र्याऐंशी माणसांचा महापौर. बकऱ्यांचं दूध काढून सभेला येतो.)
चार विरुद्ध तीन.
तालुक्याहून माणूस आला, मनोऱ्यात चढला,
यंत्राला काहीतरी शिकवून वीस मिनिटांत उतरला.
रात्री दहा ते सकाळी सहा, घंटा गप्प.

त्या पहिल्या रात्री सगळं गाव जागं होतं म्हणे.
नंतर सवय झाली.
नंतर विषयही निघेना.

ऑक्टोबरात युगेत फार्ज गेली, झोपेत.
तिचा जन्म माझ्याच कपाटात आहे, दोन वह्या मागे,
गिचमिड अक्षरात, शाईचा डाग पडलेला.
मृत्यूच्या नोंदीत वेळेचा रकाना असतो.
डॉक्टर म्हणाला, पहाटेपूर्वी कधीतरी.
'कधीतरी' रकान्यात बसत नाही.

शेजारचा रेजिस टोपी हातात घेऊन उभा होता.
गाय अडली होती त्याची,
कोपरापर्यंत हात आत घालून तो गोठ्यातच होता रात्रभर.
वासरू पायांवर उभं राहिलं, म्हणाला,
तेवढ्यात युगेतचा कुत्रा ओरडला. एकदाच.
मला वाटलं, कोल्हा असेल.

"किती वाजले होते?"

त्यानं जरा विचार केला.
"वाजलेच नाहीत, मिरेय."

बाहेर अकराचे टोल पडले.
आम्ही दोघंही थांबलो,
ते पुन्हा पडेपर्यंत.

मी रकान्यात तीन लिहिलं.
मग त्याच तीनवरून
पुन्हा एकदा पेन फिरवलं.