थ्री फेज

या आठवड्यात लाइन रात्री बारा ते आठ.
ओलितवाल्यांच्या सोयीचं वेळापत्रक,
आमच्याही.

जिनिंगचा मालक हिंगणघाटला गेल्यापासून रेचे बंद.
कोपऱ्यात कुठल्यातरी हंगामाची रुई,
उंदरांनी पुन्हा एकदा पिंजलेली.
तिथंच मेहपत कोवेनं आपला संसार मांडला:
एक खरा स्नेअर, वर्ध्याच्या बँडवाल्याकडून आणलेला,
बाकी वखराची पास, तेलाचा पिपा,
आणि सायकलचं फ्रीव्हील, ते उलटं फिरवून तो म्हणतो,
"आयक, माह्या कोरस."

माझ्याकडे ट्यूनर आहे. वापरत नाही.
भिंतीपलीकडे डीपी आहे,
रात्रभर एकच सूर धरून असते,
ना जी, ना जी शार्प,
दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावरचा,
ज्याची मोजणी अजून व्हायची आहे असा सूर.
मी सहाही तारा तिला विचारून लावते.

पोरगी रातभर जिनात काय करते, कुणी विचारलं
तर आई म्हणते, "रेकॉर्डिंग,"
जसं कुणी "ऑडिट" म्हणावं.

सात ट्रॅक. काहींना गाणं म्हणता येणार नाही.
तिसरा चौदा मिनिटांचा, वाळल्या तुरीच्या शेंगा
आणि वजनकाट्याखाली ठेवलेला माइक.
चौथ्यात शब्द आहेत: हर्रासाचे आकडे,
मी उलट्या क्रमाने कुजबुजलेले,
भाव चढत नाही, उतरत उतरत
बोली लावणारा माणूसच नाहीसा होतो.

प्रत्येक ट्रॅकच्या आधी मेहपत मोजतो,
उंदी, रंड, मूंद, नालुंग.
आजीनं शिकवलेले आकडे. पाचावर कधीच येत नाही,
पाचव्यावर काठी पडते.

मी ते कापले.
सगळ्या सात ठिकाणी, हेडफोन लावून, सफाईनं.
अल्बम नीटनेटका वाटावा म्हणून.
त्यानं ऐकलं. बोलला नाही.
फ्रीव्हील काढलं, सायकलला बसवलं, निघून गेला.

आठ दिवसांनी डीपी जळाली.
एक फटका, आणि सगळ्या शिवाराचा
धरून ठेवलेला श्वास सुटला.
नवी येईल, म्हणाले. बावीस दिवस येत राहिली.

मी बॅटरीवर ट्यूनर लावून बघितला.
नेमका जी. हिरवा दिवा.
दुसऱ्याच्या घरात जेवायला बसल्यासारखं वाटलं,
सगळं जागेवर, मीठसुद्धा.

मग एका रात्री अंधारात दार वाजलं.
तो बसला. स्नेअरला हात लावला नाही.
"डीपी कशी बोलत होती, सांग बरं," म्हणाला.
मी ओठ मिटून सूर धरला.
त्यानं धरला.
आम्हा दोघांच्या आठवणीत थोडा फरक होता,
केसाएवढा.
आणि त्या फरकात काहीतरी हलायला लागलं,
वांव, वांव, वांव,
ना त्याच्या गळ्यातलं, ना माझ्या,
रिकाम्या जिनाच्या पत्र्यात फिरणारं तिसरंच.
मी सूर बदलून त्याला गाठायला गेले
तर ते मंद झालं, मरू लागलं,
म्हणून परत आले आपल्या चुकीवर.

तोच सातवा ट्रॅक. बाकीच्या सहांना
त्याचे आकडे मी परत शिवले. टाके दिसतात.

अल्बम आला. नाव "थ्री फेज".
ऐकणारे एक्केचाळीस, त्यात माझा भाऊ दोनदा.
डोमाजी भोयर लाइनमन चहाच्या टपरीवर म्हणाला,
"माही डीपी हाय म्हणते त्याच्यात, लाव."
मी फोन त्याच्या कानाशी धरला. पहिला ट्रॅक.
तो कप खाली ठेवून ऐकत राहिला,
कपाळाला आठी, डोळे तारांकडे.

"हा तं जळाच्या आंधीचा आवाज व्हय," म्हणाला.
"तवाच सांगाचं न मले."