चौकोनात तिरकी रेघ

टॅकोग्राफवर चार खुणा असतात, एर्मेक सांगतो:
चाक म्हणजे चालवतोय,
हातोडे म्हणजे माल उतरवतोय,
खाट म्हणजे झोपलाय.
आणि चौकोनात तिरकी रेघ,
म्हणजे थांबलाय, पण हाक मारली तर हजर.

श्याउल्याईच्या परमिट-कचेरीत
त्याचे ठसे उमटत नाहीत.
बावीस वर्षं दोरखंड, डिझेल,
तोरुगार्तच्या घाटात चाकांना बांधलेल्या बर्फगार साखळ्या;
बोटांवरच्या रेघा तिकडेच कुठे सांडल्या.
काचेपलीकडची बाई म्हणते, पुन्हा दाबा.
पुन्हा.
मग ड्रॉवरमधली स्वतःची हातांची क्रीम
काचेखालून सरकवते.

नारिनहून बायकोचा फोन: मिळालं का?
एजंटापायी गेलेल्या दोन घोड्यांबद्दल
ती कधीच बोलत नाही.
आज म्हणाली, इकडे गवत मात्र छान आलंय.

संध्याकाळी यार्डात
बारा चाकं, चिखल, कुणाचा तरी रेडिओ.
केबिनमध्ये चढून तो उगाच
आपलं कार्ड यंत्रात सारतो.
यंत्र विचारतं: मार्चपासून काय करत होतास?

खाटेवर बोट थांबतं.
झोपलो होतो म्हणावं, तर कधी?
बोटाला अजून क्रीमचा वास.

चौकोन.
तिरकी रेघ.
ठीक.