दोन चमचे

त्रिपोलीत, मंत्र्यांच्या मजल्यावर
मिफ्ताह चहा करतो.
या किटलीतून त्या किटलीत, उंचावरून,
फेस धरेपर्यंत.

नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत.
एक बिनसाखरेचा होता.
एकाला फेसावर भाजके शेंगदाणे लागत.
एक पहिला घोट मिफ्ताहलाच घ्यायला लावायचा,
आणि तरीही
एका रात्रीत गेला, पेला अर्धा टाकून.

खुर्ची तीच.
पाठीला गोळीचं भोक, त्यावर उशी.

पूर्वेकडे म्हणे आणखी एक सरकार आहे.
तिथे चहा कोण करतं, कोण जाणे.

सात महिन्यांचा पगार थकलाय.
घरी मब्रूका विचारते,
"आता कोण आलं?"
बुटाची नाडी सोडत तो म्हणतो,
"दोन चमचे."

ती डबा तिरका करून बघते.