तिरका उजेड

एकतीस वर्षं नोट प्रेसच्या गेटवर
जाताना येताना झडती दिली.
डबा उघडून दाखवला, चपलेचा तळ दाखवला.
पोरीने खिशात टाकलेला चिंचोका
सही करून परत घेतला होता एकदा.
कॅमेऱ्याचं तर नावच नको.

रिटायर झालो त्याच आठवड्यात
मेन रोडवरून सेकंडहँड कॅमेरा आणला.
बायको म्हणाली, काय काढणार आता?
म्हटलं, ज्याला कोणी अडवणार नाही ते.

आधी जवळचंच.
चेहेडीच्या पुलाखाली अडकलेल्या पानवेली,
देवळाली कॅम्पातली शेवाळलेली कौलं,
गोंदेश्वराच्या शिखरावर पोपट उतरतात ती वेळ.
सगळे फोटो सपाट आले.
रंग होते, नक्षी होती,
पण उठावाच्या छपाईला न गेलेल्या नोटेसारखे;
अंगठा फिरवला तर हाताला काही लागेना.

मग पांडवलेणी. चढताना दोनदा बसलो.
दहाव्या लेण्याच्या पडवीत भिंतीवर अक्षरं,
फ्लॅश मारला की गायब,
उरतो घामेजलेला दगड.
पहारेकरी निवृत्ती गायखे बघत होता बराच वेळ.
"काका, समोरून नाय दिसत ते. सरका."
आणि त्याने आपली बॅटरी
भिंतीला गाल लावल्यासारखी आडवी धरली.

अक्षरं उठून उभी राहिली.

मला ती लिपी येत नाही.
घरी पुस्तकात बघितलं :
कुणा राजाच्या जावयाने तीन हजार कार्षापण
विणकरांच्या श्रेणीकडे ठेवले होते,
दोन हजार शेकडा एकने, एक हजार पाऊणने,
मुद्दल मोडायचं नाही,
व्याजातून भिक्षूंना पावसाळ्यात कापड.
मी एकटाच हसलो, रात्री अकराला.
माझी एफडी तरी काय वेगळी आहे.

त्याच पुस्तकात जोगलटेंभी निघालं.
तिथे सापडली त्या राजाची चांदीची नाणी, हजारोंनी.
त्याला हरवणाऱ्याने ती वितळवली नव्हती,
वरूनच आपला छाप मारला होता.
खालून जुन्याचं नाक दिसत राहतं,
कानाची पाळी.
छपाईतल्या माणसाला एवढं पुरे. गाडी काढली.

नायगावच्या रस्त्याने गेलो.
जागा कुठली, कुणालाच धड सांगता येईना.
एक म्हणाला शाळेमागं,
एकाने हात केला तो थेट संगमापलीकडे.
चाळीपाशी कांद्याची पात कापत बसलेल्या
गयाबाई सांगळे म्हणाल्या,
"फोटोवाले का? मग माझा अंगठा काढा."

रेशनच्या मशीनवर उमटत नाही म्हणे, दोन महिने झाले.
दुकानदार सांगतो, बाई, तुम्हाला रेघाच नाहीत.
"कांदा, विळा, राख. राहतील कुठं?"

काढला.
नदीतल्या गोट्यासारखा आला, गुळगुळीत.
मी खोडणार होतो तो फोटो.
मग विचारलं, घाई आहे का?
"मला कसली?"
त्यांनी उरलेला ढीग कापायला घेतला,
मी बांधावर बसून राहिलो.

सहाच्या सुमाराला ऊन दारणेच्या अंगाने
जमिनीला घासत आलं.
म्हटलं, मावशी, आता अंगठा आडवा धरा. असा. हलू नका.

होत्या.
बारीक, मधे मधे तुटलेल्या,
वरून विळ्याचे तीन जुने काप मारलेले,
आणि त्या कापांखालून गोल गोल
आपल्या वाटेने चाललेल्या.

स्क्रीनवर मोठं करून दाखवलं.
बराच वेळ बघत राहिल्या. पदराने काच पुसली एकदा.
"हायेत की," म्हणाल्या.
मग माझ्याकडे बघून,
"हे त्या मशीनला दाखवता येईल का?"

मला उत्तर आलं नाही.
छापून पाठवीन म्हटलं, चांगल्या कागदावर.

अंधार पडता पडता जेल रोडला लागलो.
प्रेसचं गेट आलं,
तेव्हा सवयीने गाडी हळू झाली,
आणि माझा हात
कॅमेऱ्याच्या पिशवीवर गेला.