पीळ

सपाट फरशीवर उभी केली
तरी गाडी उजवीकडे कलते.
तोलोगोन चाकापाशी उकिडवा बसतो,
टेप लावतो, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत.
डावीकडे सेहेचाळीस. उजवीकडे चव्वेचाळीसही नाही.
खडूने आकडे टायरवरच लिहितो,
त्याच्याकडे कागद कधीच नसतो.

"अशिरबेकची ना ही?"
त्याचीच. अकरा वर्षं त्याने चालवली,
नारिन ते बिश्केक, बिश्केक ते नारिन.
जपानी गाडी, स्टिअरिंग उजवीकडे,
आणि शेजारची सीट इतकी कोरी
की तिच्या शिवणीत मला
पावाचा एक कणही सापडला नाही.
एक माणूस, एकाच बाजूला, अकरा वर्षं.
लोखंड बोलत नाही. बसतं मात्र.

मी सांगते, वर उचल. चांगली चार बोटं.
सोन-कुलच्या खिंडीत जूनमध्येही
रस्ता म्हणजे वितळलेल्या बर्फाने उघडे पाडलेले दगड,
आणि मला मेंढ्यांच्या लसी न्यायच्यात,
गार डब्यात, वेळेवर.

तो खाली सरकतो.
आता फक्त त्याचे बूट बोलतात:
"पुढे स्प्रिंग नाही, डॉक्टर. सळई आहे.
एक टोक चौकटीला जखडलेलं,
दुसरं चाकाच्या दांड्याला,
आणि मध्ये पीळ भरलेला.
तुझी सगळी गाडी त्या पिळावर उभी."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
म्हणतात ते नावं ठेवायलाच.
कुणी त्याच्यावर दोन टन ठेवून पाहिलेले नसतात.

बोल्ट गंजलेला.
डिझेल, ब्रश, शिव्या, चहा, पुन्हा डिझेल.
मग पाना फिरतो, पाव पाव फेऱ्याने,
आणि दर खेपेला मला गाडी ढकलावी लागते
पुढे, मग मागे.
"जॅकवरून उतरल्या उतरल्या खोटं सांगते ती.
चार पावलं चालली की खरं बोलते."

चार बोटं काही तो देत नाही.
"उंची आणू कुठून? वर दिली तेवढी
खाली लोंबायची जागा गेली.
चाकाला खड्ड्यात उतरताही यायला हवं.
नाहीतर बाटल्या खिंडीआधीच फुटतील."
तीन बोटं. कशीबशी.

मग विचारतो, शेजारी कोण बसणार?
आई.
"मग तिला आण. रिकामी गाडी मोजून काय करायचंय?"

आई येते, रुमाल नीट करत,
पायरीकडे बघते, मग माझ्याकडे.
एक पाय वर जातो.
दुसरा जात नाही.
तोलोगोन लिंबूपाण्याचा क्रेट उलटा घालतो.
"मी काय कोंबडी आहे?" ती विचारते,
आणि उतरून उभी राहते,
गुडघ्यावर हात ठेवून, जणू तो हात तिथे सहजच आहे.

कुणी काही बोलत नाही.
तो परत गाडीखाली जातो.
दीड फेरा उलटा, दोन्हीकडे.
मी ढकलते. पुढे, मागे.

आता ती बसते. दार स्वतः ओढून घेते.
"किलो किती?" खालून आवाज.
"मेंढ्या तोल जा," ती म्हणते.

मीही बसते. टेप पुन्हा लागतो.
डावीकडे सत्तेचाळीस.
उजवीकडे सत्तेचाळीसला दोन मिलिमीटर कमी.
"तेवढं अशिरबेकचं राहू दे,"
तोलोगोन म्हणतो आणि हात पुसायला लागतो,
आधीच्यापेक्षा काळ्या फडक्याला.

खिंडीत, तिसऱ्या वळणावर,
पोटाखालून एक दगड खरवडत गेला,
लांबलचक, अगदी मागच्या चाकांपर्यंत.
आई खिडकीबाहेरच बघत होती.
"हा माझ्या गुडघ्यांचा," म्हणाली.
मी गिअर खाली घेतला.
मागे बाटल्या किणकिणल्या,
आणि किणकिणत राहिल्या.