सालीसकट

केमीत डिसेंबर. दुपारी दीडलाच दिवे लागतात.
टेबलावर दोनशे चौदा डिस्क,
आणि फोनवर भाचा, वेसा :
"मामा, एमपीफोर कर. छोटी फाइल, कुठेही चालते."
कुठेही म्हणजे कुठे?
मी तर याच खुर्चीत बसतो.

एमकेव्हीत चित्र जसंच्या तसं राहतं,
फिनिश, स्वीडिश, दोन्ही सबटायटलं.
तेल्लेर्वोला स्वीडिश लागायची;
भांडण झालं की मी मुद्दाम फिनिश लावायचो.
मेनू मात्र जातो.
आणि मेनूवरच तर ती झोपायची,
तीच वीस सेकंदांची धून, पुन्हा, पुन्हा,
रिमोट पोटावर.

म्हणून आयएसओ. अख्खी डिस्क, सालीसकट.
जागा खाते? खाऊ दे.
नक्कल करू नका ही तंबीसुद्धा
येऊ दे सात भाषांतून.

रात्री एक लावून पाहिली.
सातव्या भागात, बोट किनारा सोडते तिथे,
आमच्या डिस्कवर ओरखडा होता.
चित्र अडायचं, चौकोन चौकोन व्हायचं,
आणि आम्ही उठायचो कॉफी टाकायला.
ड्राइव्हनं अकरा वेळा वाचून वाचून
तेवढं भरून काढलंय.

बोट सरळ निघून गेली.

मी उठलो तरीही.
कॉफी घेऊन आलो तर
सगळे भर समुद्रात, कोण कुणावर चिडलंय कळेना.
पॉज दाबायचं लक्षातच आलं नाही.
इतक्या वर्षांत कधी लागलंच नव्हतं.