नववी लेन

पार्किंगला जागा हवी म्हणून पाडलं आपलं बोलिंग.
मुकादमाला मी शंभर डॉलर दिले
आणि हरणाच्या गोठवलेल्या मांसाचं एक पुडकं,
नववी लेन घरी आणली दोन खेपांत,
मागे लाल फडकं बांधून.

नववीच का, इर्या, ते विचारू नकोस.
एकतीस वर्षं मी तिच्या पलीकडच्या टोकाला होतो,
यंत्राच्या पोटात हात, कोपरापर्यंत ग्रीस.
इश्पेमिंगमधली माणसं मला घोट्यापर्यंतच ठाऊक.
तुझे बूट भाड्याचे, सहा नंबरी,
डावा जरा आत वळणारा.

लेन म्हणजे सलग फळी नसते.
इंच-इंच रुंदीच्या पट्ट्या, कडेला कड,
आतून खिळ्यांनी शिवलेल्या.
गोळा आदळतो तिथे मेपल,
नुसता घरंगळतो तिथे पाइन.
मान मेपलची केली, धड पाइनचं.
पहिल्याच दिवशी करवतीचे तीन दात गेले.
खिळे कॉफीच्या डब्यात ठेवलेत,
एकशे सव्वीस मोजले, मग मोजायचा सोडलं.

नंतर सांधा धरेना.
रात्री डिंक लावून शिकंजे आवळावेत,
सकाळी पट्ट्या अबोला धरल्यासारख्या वेगळ्या.
साठ वर्षांचं तेल प्यालेलं लाकूड!
थिनरने पुसलं, परत पुसलं, परत,
आणि गॅरेजभर तो वास:
तेल, सिगरेटी, तळलेला कांदा, ओले मोजे.
कुत्रा आत येऊन शेपटी हलवायला लागला.
आधीचा असता तर समजलं असतं,
हा तर तिथे कधी गेलाच नव्हता.

नेहमीचा बेस चौतीस इंचांचा.
तुझा तू विकलास, मला म्हणालीस हरवला.
त्याआधी एका लग्नात मी बघितलं होतं,
पहिल्या पडद्याशी तुझी करंगळी पोचेना,
खर्जाच्या जागी तू गप्प राहायचीस
आणि पोल्का तशीच पुढे जायची,
एक बूट हरवलेल्या माणसासारखी.
म्हणून तीस.
माप मागितलं असतं तर तू दिलं नसतंस.
मिठाची बरणी उचलताना बघून घेतलं.

लेनवर गडद लाकडाचे बाण असतात, नेम धरायला.
ते उकरून पडद्यांमध्ये बसवले,
तिसरा, पाचवा, सातवा, नववा,
बाराव्याला जोडीने दोन.
टोकं सगळी घोडीकडे. एक उलटा बसलाय,
सापडला तर सांगू नकोस.
सातवा बाण उरला. खिशात आहे.

पहिली मान फेब्रुवारीत पिळवटली,
तिला स्टोव्हमध्ये घातली. चांगली जळली.
दुसरीला सळई घातली, वाट बघितली,
रंधा मारला, वाट बघितली.
यात लिहिण्यासारखं काही नाही.

बर्फ वितळून अंगणात चिखल झाला तेव्हा तू आलीस.
कोट न काढताच खुर्चीवर बसलीस,
खुंट्या पिळल्यास, कान लाकडाला लावून,
तार जाड, थोडी ढिली, जशी आखूड बेसची असते.
मग वाजवलंस.
सगळे पडदे बोलले. जाड तारेवरचा सातवा
धप्प.
जसा गोळा गटारीत जातो.

मी म्हटलं, आण इकडे, मान पुन्हा करतो.
तू म्हणालीस, वायनो,
एक पिन उभी राहू दे की.

आणि त्या जागेला वळसा घालून तू वाजवत राहिलीस,
करंगळी पोचत होती, तू तिच्याकडे बघत नव्हतीस.
फळीवरचा खिळ्यांचा डबा
तुझ्या खर्जाला खुळखुळायला लागला.
मी उठलो, त्यावर हात ठेवला,
मग काढून घेतला.